दहा फुटांवरून पडूनही जीव जातो. बांधकामाचा गुत्ता ठरवतानाच कठडाही ठरवा

परभणी : सुगी आटोपली, रब्बी घरात आली की जिल्ह्यात गावोगावी बांधकामं निघतात. कुठे घरकुलाचा स्लॅब, कुठे जुनं माळवद पाडून नवीन खोल्या, कुठे गोठ्यावर पत्रे, तर कुठे दुसऱ्या मजल्याची भिंत. जिंतूरपासून पालमपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत चित्र सारखंच दिसतं. मिस्तरी ओळखीचा असतो, बिगारी गावातलेच असतात आणि स्लॅबच्या कडेला काहीच नसतं. ना बांबू, ना दोरी. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "एवढ्यावरून काय होतंय? रोजचंच काम आहे."

हे 'एवढ्यावरून' म्हणजे दहा-बारा फूट. मोठ्या शहरातल्या वीस मजली इमारतीवरून कुणी पडला तर बातमी होते. गावातल्या एकमजली घरावरून पडलेला माणूस बातमीत क्वचितच येतो. मणका मोडून तो घरी खाटेवर असतो, नाहीतर त्याचं घर कर्ता माणूस गमावून बसलेलं असतं. असं पडणं बऱ्याच वेळा थांबवता येतं. त्यासाठी लागणारं सामान गावात मिळतं. अडचण एवढीच, की ते कुणी आणायचं आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हे काम सुरू होण्याआधी कुणी बोलत नाही.

दहा फूट म्हणजे नेमकं किती?

दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो. आदळताना त्याचा वेग ताशी साधारण २८ किलोमीटर असतो. वीस फुटांवरून पडला तर हाच वेग ताशी ३९ किलोमीटरच्या घरात जातो आणि वेळ लागतो सव्वा सेकंदापेक्षा कमी. एवढ्या वेळात हात पुढे करणं, काहीतरी धरणं, अंग सावरणं यातलं काहीच जमत नाही. "मी पटकन धरीन" हा भरवसा इथेच फसतो.

शिवाय खाली गादी नसते. खाली विटांचा ढीग, खडी, उभ्या सळया, सेंट्रिंगच्या प्लेटा, पाण्याचा हौद असतो. डोकं आधी लागलं तर सहा-सात फुटांवरचं पडणंही जिवावर बेततं. म्हणून उंची किती आहे यापेक्षा कड उघडी आहे का आणि खाली काय आहे, हे आधी बघायला हवं.

कायदा गावातल्या घरापर्यंत का पोहोचत नाही?

बांधकाम कामगारांसाठी देशात १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. परांची कशी असावी, कठडा कुठे हवा, बेल्ट कधी लागतो, याचे नियम त्याखाली आले. पण स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं आणि १० लाखांच्या आतल्या खर्चाचं घर या कायद्याबाहेर ठेवलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात राहत्या घरासाठी ही मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली कामंही त्यातल्या बांधकामाच्या व्याख्येबाहेर आहेत.

याचा गावातला अर्थ सरळ आहे. घरकुल असो की दोन मजली बंगला, सुरक्षेची पाहणी करायला त्या स्लॅबवर कुणी साहेब येणार नाही. तिथे कामगाराचा जीव घरमालक, मिस्तरी आणि कामगार या तिघांच्याच हातात असतो.

साहेब येतात, कागद भरले जातात, त्या मोठ्या कामांवरही गाफीलपणा महागात पडतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे पुलाचा गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट खाली आली आणि गच्चीवरचं काम संपवून उतरणारे ७ कामगार गेले. जिथे कायदा आहे तिथे ही गत, तर जिथे तो लागूच नाही तिथे आपण किती जपायला हवं?

माणूस पडतो कुठून?

गावातल्या बांधकामावर पडण्याच्या जागा मोजक्याच आहेत.

• स्लॅबची कड. सळई बांधताना, काँक्रीट ओढताना, पाणी मारताना माणूस पाठमोरा मागे सरकतो. मागे कड आहे हे त्याला माहीत असतं, पण लक्ष हातातल्या कामात असतं.

• जिन्याचं आणि डक्टचं तोंड. स्लॅबमध्ये मोकळी सोडलेली जागा. तिच्यावर प्लायचा तुकडा किंवा रिकामी गोणी टाकलेली असते. वरून पाहणाऱ्याला ती पक्की जमीन वाटते आणि पाय पडताच माणूस खाली जातो.

• परांची. दोन बांबू, त्यावर एकच फळी आणि सुतळीची गाठ. प्लास्टर करताना मिस्तरी एका हातात थापी आणि दुसऱ्या हातात पाटी धरून त्या फळीवर चालतो. धरायला हातच मोकळा नसतो.

• शिडी. न बांधलेली, ओल्या मातीत किंवा गुळगुळीत फरशीवर टेकवलेली. डोक्यावर टोपलं घेऊन साडी सावरत चढणाऱ्या बायांना इथे सगळ्यात जास्त धोका.

• सिमेंटचे पत्रे. ऊन-पावसात वर्षं काढलेला पत्रा बाहेरून धड दिसतो, पण माणसाच्या वजनाला एकदम फुटतो. गोठा, आखाड्यावरचं शेड, शाळेची जुनी खोली यांची दुरुस्ती करताना माणूस पत्र्यावरून घसरण्यापेक्षा पत्र्यातून खाली जाण्याचीच भीती अधिक. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा तर त्याहून फसवा.

आधी कड बंद करावी, बेल्टचा विचार नंतर

उंचावरच्या कामाचा जगभर मान्य असलेला एक क्रम आहे. पहिलं, जे काम खाली होतं ते वर करू नये. दुसरं, वर जावंच लागलं तर पडताच येणार नाही अशी सोय करावी. तिसरं, तेही जमत नसेल तर पडणाऱ्याला झेलायची सोय करावी. आपल्याकडे तिसऱ्याची आठवण आधी होते, म्हणून बेल्टची चर्चा होते आणि कठडा विसरला जातो.

पहिल्या पायरीला खर्च नाही. सळई वाकवणं, रिंगा करणं, बीमचा सांगाडा बांधणं ही कामं खाली जमिनीवर करून तयार माल वर चढवता येतो. पत्रे बसवताना अँगलला भोकं खालीच पाडून घेता येतात. जितका वेळ माणूस वर कमी, तितका धोका कमी.

दुसरी पायरी कठड्याची. सेंट्रिंग ठोकतानाच कडेला उभे बांबू किंवा बल्ल्या अशा घ्याव्यात की त्या स्लॅबच्या वर साडेतीन फूट निघतील. त्यांना कमरेच्या वर एक आडवा बांबू आणि गुडघ्याच्या वर दुसरा बांधावा. दोनच आडवे बांबू, पण पाठमोऱ्या माणसाला 'इथे कड आहे' हे अंगाला कळतं. कठडा बांधून झाला की मिस्तरीने स्वतः अंगाचा भार टाकून तो हलतो का ते बघावं. हलत असेल तर नुसत्या दिसण्यापुरता कठडा नसलेला बरा, कारण माणूस त्याच्या भरवशावर टेकतो. खालून जाणाऱ्याच्या डोक्यात वीट पडू नये म्हणून कडेला अर्ध्या फुटाची उभी फळीही लावावी.

जिन्याच्या आणि डक्टच्या तोंडावर जाड प्लाय किंवा फळ्या ठेवून त्या खिळ्याने पक्क्या कराव्यात आणि वर रंगाने मोठी फुली मारावी. सुटं झाकण कुणीतरी उचलून नेतं आणि भोक उघडं पडतं. म्हणून ते ठोकलेलंच हवं.

परांचीवर एक फळी चालत नाही. निदान तीन फळ्या शेजारी-शेजारी हव्यात, म्हणजे पाय फिरवायला जागा राहते. फळीचं टोक आधाराच्या पुढे थोडं निघालेलं असावं, पण वीतभरापेक्षा जास्त नको. जास्त बाहेर आलेल्या टोकावर पाय पडला की दुसरी बाजू उचलते आणि फळीसकट माणूस खाली येतो. फळ्या दोन्ही टोकांना बांधाव्यात. सुतळी उन्हाने आणि ओलीने कुजते. तिच्याऐवजी चांगला नवा दोर घ्यावा आणि रोज सकाळी गाठी बघाव्यात. परांचीची बाहेरची बाजूही आडव्या बांबूने बंद करावी. ड्रम, विटांची चवड, खुर्ची यांच्यावर फळी टाकून केलेलं मचाण परांची नव्हे.

शिडीचा हिशोब चारास एक. जिथे शिडी टेकते ती जागा बारा फूट उंच असेल, तर खालचा पाय भिंतीपासून तीन फुटांवर हवा. त्याहून उभी लावली तर माणूस मागे कोसळतो, आडवी लावली तर पाय सरकतो. वरचं टोक स्लॅबच्या वर तीन फूट निघालेलं असावं, म्हणजे उतरताना धरायला मिळतं. ते टोक बांधलेलंच हवं. बांधेपर्यंत खाली एकाने शिडी धरून उभं राहावं. टोपलं घेऊन चढण्यापेक्षा दोर आणि चाक लावून माल वर ओढणं कधीही चांगलं. स्लॅबच्या दिवशी मिक्सरची लिफ्ट असेल तर तिच्यातून फक्त माल जावा. माणसाने त्यात पाय ठेवू नये.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊच नये. दोन-तीन अँगलवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून त्यांच्यावरूनच सरकावं. नटबोल्टच्या ओळीवरून चाललं की पत्रा फुटत नाही, ही समजूत धोक्याची आहे. शक्य असेल तिथे खालून परांची लावून पत्रा काढावा.

स्लॅब पडल्यावर सेंट्रिंग काढायची घाई हीसुद्धा पडण्याचंच कारण होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटच्या कामात निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकूही १४ दिवस, त्याहून लांब बीमचे २१ दिवस. दुसऱ्या कामावर प्लेटा हव्यात म्हणून दोन दिवस आधी टेकू काढले, की वरचा आणि खालचा दोघंही संकटात येतात.

पेटीतला बेल्ट कसा वापरायचा?

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्यासोबत अंगभर पट्ट्यांचा बेल्ट म्हणजे सेफ्टी हार्नेसही असतो. संचासाठी लोक रांगा लावतात, पण त्यातला बेल्ट बहुतेक घरांत खुंटीला टांगलेला राहतो. एक कारण असं, की तो कुठे आणि कसा अडकवायचा हे कुणी दाखवत नाही.

एकमजली घरावर बेल्टचा एक मोठा घोळ आहे. बेल्टची दोरी साधारण सहा फुटांची असते आणि ती पाठीवरच्या कडीला असते. कडीपासून पायापर्यंतचं अंतर पाच फूट. आता हूक पायाजवळ स्लॅबवरच अडकवला आणि माणूस पडला, तर दोरी ताणली जाईपर्यंत त्याचे पाय अकरा फूट खाली गेलेले असतात. स्लॅब दहा फुटांवर आहे, म्हणजे दोरी ताणण्याआधीच तो जमिनीवर. झटका शोषणारी पिशवी उघडल्यावर दोरी आणखी लांबते. हे सगळं धरून हुकाच्या जागेपासून खाली १८ ते २० फूट मोकळे लागतात.

मग एकमजली घरावर काय करायचं? दोरी इतकी आखूड बांधायची की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. हूक कडेपासून दूर, स्लॅबच्या मधल्या बाजूला असावा आणि दोरी कडेच्या दोन फूट अलीकडेच संपावी. पडणाऱ्याला झेलण्यापेक्षा त्याला कडेपासून धरून ठेवणारी ही पद्धत गावातल्या घरासाठी जास्त कामाची. दुसऱ्या मजल्यावरच्या कामाला हूक डोक्याच्या वर अडकवावा, म्हणजे पडण्याचं अंतर कमी राहतं.

हूक कशाला अडकवायचा, यावरही जीव अवलंबून आहे. ७० किलोचा माणूस पडताना जो झटका देतो तो त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. पिकलेल्या काँक्रीटचा कॉलम किंवा बीम चालतो. सेंट्रिंगची बल्ली, परांचीचा बांबू, पाण्याचा पाईप, खिडकीची जाळी, नवीन विटांची भिंत यातलं काहीही चालत नाही. फक्त कमरेला बांधायचा जुना पट्टा वापरू नये. पडताना सगळा मार पोटावर आणि मणक्यावर येतो. बेल्टवर आयएस ३५२१ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हा क्रमांक आहे का ते बघून घ्यावं. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी लावलेली नसेल तर पडताना ते डोक्याआधीच निघून जातं. एकदा झटका खाल्लेला बेल्ट पुन्हा वापरू नये.

बेल्टला लटकलेल्या माणसाला तसंच ठेवणंही धोक्याचं आहे. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि थोड्याच वेळात शुद्ध जाऊ शकते. म्हणून बेल्टवर काम चालू असताना त्याला लगेच उतरवायला शिडी आणि दुसरा माणूस जवळ हवाच. बेल्ट लावून एकट्याने काम करू नये.

झेलायची सोय किती उपयोगी पडते याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ ते १९३७ या काळात झालं. तिथे पुलाखाली सलग जाळी बांधली होती. त्या जाळीने १९ कामगार वाचवले. पण फेब्रुवारी १९३७ मध्ये एक अवजड परांची तुटून जाळीवर पडली, जाळी फाटली आणि दहा जण गेले. जाळी असो, बेल्ट असो की कठडा, तो किती भार पेलतो हे बघितल्याशिवाय त्याच्यावर जीव टाकू नये.

ऊन आणि विजेची तार

आपल्याकडे बांधकामाचा जोर नेमका उन्हाळ्यात असतो. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. तापलेल्या प्लेटांवर उभं राहून भोवळ येणं नवीन नाही. जमिनीवर भोवळ आली तर माणूस सावलीत बसतो, कडेवर आली तर तो खाली जातो. म्हणून वरची कामं सकाळी लवकर आणि चार वाजल्यानंतर घ्यावीत. दुपारी बारा ते चार खालची, सावलीतली कामं करावीत. पाण्याचा माठ वर सावलीत ठेवावा. खाली उतरावं लागतं म्हणून बायामाणसं पाणी प्यायचं टाळतात.

दुसरा धोका तारांचा. बांधकामाची सळई साधारण चाळीस फूट लांब असते. ती वर ओढताना तिचं मागचं टोक कुठे फिरतं याकडे लक्ष नसतं. घराजवळून वीजवाहिनी जात असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्या बाजूचं काम वीज बंद करून घेऊनच करावं. तारेच्या बाजूने सळई किंवा लोखंडी शिडी चढवूच नये. झटका सौम्य असला तरी माणूस दचकतो आणि तोल जातो.

गुत्ता ठरवताना बोलायचं ते हेच

गावात घराचा गुत्ता फुटावर ठरतो. दर ठरतो, सेंट्रिंग कुणाची ते ठरतं, पाणी आणि लाईट कुणाची ते ठरतं, स्लॅबच्या दिवशीचं जेवणही ठरतं. कठडा मात्र ठरत नाही. मग काम सुरू झाल्यावर मिस्तरी म्हणतो, "मालकानं बांबू दिले नाहीत," आणि मालक म्हणतो, "ते गुत्तेदाराचं काम." मधल्यामध्ये बिगारी कडेवर उभा.

म्हणून दर ठरतो त्याच बैठकीत पाच गोष्टी ठरवाव्यात आणि दोघांच्या मोबाईलवर मेसेज करून ठेवाव्यात:

१. स्लॅबच्या चारी बाजूंना आणि परांचीच्या बाहेरच्या बाजूला दोन आडव्या बांबूंचा कठडा.
२. जिना आणि डक्टच्या तोंडाला ठोकलेलं झाकण.
३. परांचीला तीन फळ्या, बांधलेल्या. वर बांधलेली शिडी.
४. बांबू, फळ्या, दोर, हेल्मेट कुणी आणायचं आणि बांधायची मजुरी कुणाकडे.
५. हे झाल्याशिवाय वर कुणी चढायचं नाही.

हेच बांबू आणि फळ्या पुढच्या घरालाही चालतात. मिस्तरीने एकदा संच जमवला तर वर्षानुवर्षं पुरतो, भाड्यानेही देता येतो. घरमालकाला वाटतं की खर्च वाढला. पण आपल्या घराच्या पायरीवर कुणाचा जीव गेला तर काम थांबतं, पोलिसांचा पंचनामा होतो आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि ज्या घरात आयुष्य काढायचं, त्या घराला ती आठवण चिकटते ती वेगळीच.

कामगारांनीही एक गोष्ट पक्की करावी. "मालक, आधी कड बांधू, मग चढतो," असं म्हणणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. एकट्या बिगाऱ्याला हे म्हणणं अवघड जातं, उद्या कामावर बोलावणार नाहीत अशी भीती असते. पण सगळ्या टोळीने मिळून म्हटलं आणि मिस्तरी त्यांच्या बाजूने उभा राहिला, तर बांबू येतात.

पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथल्या मोठ्या कामांवर कायदा लागू असतो. ओळखपत्र, हजेरी, हेल्मेट, बेल्ट मागणं हा हक्क आहे. आपल्या ठेकेदाराचं आणि मूळ कंपनीचं पूर्ण नाव, साईटचा पत्ता आणि साईटवरच्या नामफलकाचा फोटो पहिल्याच दिवशी घरी पाठवून ठेवावा. मजुरी शक्यतो खात्यावर किंवा मोबाईलवरून घ्यावी. पुढे काही झालं तर आपण तिथे कामाला होतो याचा तोच पुरावा.

कुणी पडलाच तर

गावात माणूस पडला की चौघं धावतात, हातपाय धरून उचलतात आणि जीपमध्ये टाकतात. मणका मोडला असेल तर या उचलण्यानेच तो कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून आधी १०८ ला फोन करावा. त्याला हलवू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. एकाने डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान सरळ, स्थिर धरावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरावं. अंगात सळई घुसली असेल तर ती ओढून काढू नये. जागा धोक्याची असल्याने हलवावंच लागलं, तर दार किंवा रुंद फळीवर चार-पाच जणांनी अंग एका रेषेत ठेवून एकदम सरकवावं. पडल्यावर उठून चालायला लागलेल्यालाही दवाखान्यात न्यावंच. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही कळतो. उलटी, झोप, बोबडं बोलणं दिसलं की थांबू नये.

उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावं.

कुटुंबाला काय मिळतं?

• मंडळाची नोंदणी. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देऊ शकतात. नोंदणी असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख आणि ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आल्यास २ लाखांची मदत आहे. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते. भांडी आणि पेटी मिळाली की कार्ड कपाटात जातं आणि नूतनीकरण राहून जातं. मग नेमक्या वेळी कार्ड बंद निघतं. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाच्या मागे लागायची गरज नाही. शुल्क नाममात्र आहे आणि अर्ज ऑनलाईन होतो.

• मालकाकडून भरपाई. गुत्तेदाराकडे कामावर असताना अपघाती मृत्यू झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते. १९२३ च्या कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम वयाच्या गुणांकाने गुणायची, असा हिशोब आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे मजुरी जास्तीत जास्त १५ हजार धरतात. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणांक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५०. "चूक त्याचीच होती," "तो पिलेला होता," असं सांगून मृत्यूच्या प्रकरणात ही भरपाई टाळता येत नाही. पन्नास हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायला कुणी आलं, तर आधी हा हिशोब आठवावा.

• वीस रुपयांचा विमा. बँकेतल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. १८ ते ७० वयाच्या कुणालाही तो घेता येतो.

यातलं काहीही मिळवायचं असेल तर कागद लागतात. अपघाताच्या दिवशीच पोलिसांत नोंद, पंचनामा, दवाखान्याचे कागद, शवविच्छेदन अहवाल, जागेचे फोटो आणि मजुरी मिळाल्याचा पुरावा. "पोलिसांत नको, घरातलं घरात मिटवू," असं म्हणून नोंदच केली नाही, तर पुढे वारसाच्या हातात दाखवायला काहीच राहत नाही.

एवढे सगळे पैसे मिळाले तरी ते गेलेल्या माणसाच्या बदल्यातले असतात. चार बांबू, दोन दोर आणि बांधायला अर्धा दिवस, हा खर्च त्याच्या आधीचा आहे. या उन्हाळ्यात ज्यांच्या घराचा स्लॅब पडणार आहे, त्यांनी मिस्तरीशी दर ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: "कडेला कठडा कधी बांधणार?"